गेम बंद करायच्या आधी त्याची झोप बघा

प्रश्न : मी कोल्हापुरात राहते. माझा धाकटा भाऊ २१ वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मागचे बरेच विषय राहिलेत. रात्री तीन-चारपर्यंत बीजीएमआय हा मोबाईलवरचा बंदुकांचा गेम खेळतो, दुपारी एकला उठतो. मम्मीच्या खात्यातून १८ हजार रुपये गेलेत, कुठं गेले ते सांगत नाही. पप्पांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. परवा रात्री त्यांनी वायफाय काढला आणि याचा मोबाईल आपटला, तेव्हा यानं भिंतीवर डोकं आपटून घेतलं. पप्पा म्हणतात, व्यसनमुक्ती केंद्रात टाकू. हे खरंच व्यसन आहे का? आणि केंद्रात ठेवावं का?

उत्तर :

ताई, तुम्ही आधी रात्रीचा गेम सांगितलात, मग पैसे, आणि डोकं आपटून घेतलं ते शेवटी, एका वाक्यात. माझ्याकडं येणारी बहुतेक घरं याच क्रमानं सांगतात. मी उलट्या टोकापासून सुरुवात करतो, कारण घाई त्या टोकाला आहे.

मोबाईल काढून घेतल्यावर पोरं चिडतात, दार आपटतात, दोन दिवस जेवत नाहीत, हे मी सतत ऐकतो. स्वतःला इजा करून घेणं ही त्यापुढची पायरी आहे. "नाटक करतंय, मोबाईल परत मिळावा म्हणून," असं घरात कुणीतरी म्हणालंच असेल. असेलही तसं. पण ते घरच्यांनी ठरवू नये. इथं अंदाज चुकला तर दुरुस्ती नाही. पप्पा वर्कशॉपला गेलेले असताना त्याला एकट्याला गाठा आणि सरळ विचारा, "त्या रात्री जगायलाच नको असं वाटत होतं का? आता वाटतं का?" असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून हायसं वाटल्याचं अनेक पोरं मला सांगतात. उत्तर 'हो' आलं, किंवा तो नुसताच गप्प बसला आणि डोळे भरले, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडं न्या. खासगीत न्या किंवा सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या, पण पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत, आणि फोन त्यानंच करायला पाहिजे असं नाही. घाबरलेल्या बहिणीनं केला तरी चालतो.

आता पैसे. १८ हजार गेले यापेक्षा ते कुठल्या वाटेनं गेले हे मला आधी कळायला हवं, कारण दोन वाटांचे आजार वेगळे आहेत.

पहिली वाट बीजीएमआयच्या आतली. यूसी म्हणजे गेममधलं चलन विकत घ्यायचं आणि त्यावर क्रेट, म्हणजे बंद पेट्या, उघडायच्या. त्यातून गनचं स्किन म्हणजे वरची रंगीत सजावट, कपडे, काहीबाही निघतं. काय निघेल ते उघडेपर्यंत कळत नाही, आणि सगळी मेख तिथंच आहे. बक्षीस कधी मिळणार याचा नेम नसला की माणूस बटण दाबतच राहतो. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर प्रयोग करून हे विसाव्या शतकाच्या मध्यालाच दाखवलं होतं. पैसे वाया जातात, पण सहसा या वाटेनं घर बुडत नाही.

दुसरी वाट पैसे लावून खेळायची : रमी, कलर प्रेडिक्शन म्हणजे पुढचा रंग कुठला येईल यावर पैसे लावणं, क्रिकेटवरचा सट्टा. हा जुगार आहे आणि जुगाराचा आजार गेमिंगपेक्षा फार झपाट्यानं चढतो. दोन्हीतला फरक यूपीआयच्या हिस्टरीत साधारण दिसतो. यूसीचे पैसे बहुतेक वेळा प्ले स्टोअरच्या नावानं, ठरावीक रकमांत जातात. सट्ट्याचे पैसे वेगवेगळ्या अनोळखी व्यक्तींच्या नावावर गेलेले असतात, रात्री बारानंतर, पाचशे, पाचशे, हजार, दोन हजार असे चढत. आणि मधेच कधीतरी तीनेक हजार परत आलेले दिसतात. त्या परत आलेल्या तीन हजारांनीच पुढचे दहा जातात. "गेलेले तेवढे काढतो आणि सोडतो," हे वाक्य तुमच्या भावाच्या तोंडी आलं असेल तर समजा, तो दुसऱ्या वाटेवर आहे.

पैशांच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारनं २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला मात्र नाही. हे घरी स्पष्ट सांगा, कारण "पोलीस धरतील" या भीतीनं पोरं कर्ज लपवतात. बंदीनंतर नावाजलेल्या ॲप्सनी पैशांचे खेळ थांबवले, पण व्हॉट्सॲप-टेलिग्रामवर सट्टा लावायला 'आयडी', म्हणजे लॉगिन, देणारे आहेतच, आणि त्यांचा धंदा इतरांच्या बँक खात्यांवर चालतो. "महिनाभर खातं वापरायला दे, कमिशन देतो," असं कॉलेजच्या पोरांना सांगितलं जातं. ते खातं पुढं गोठवलं जातं आणि चौकशीला जायची वेळ खातेदारावर येते. तेव्हा त्याला एवढंच नका विचारू की पैसे कुठं घातलेस. तुझं खातं कुणी वापरलं का, हेही विचारा. त्यानं लोन ॲपवरून कर्ज घेतलं असेल आणि त्या ॲपवाल्यांनी धमक्या दिल्या, फोटो पाठवायची भाषा केली, तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या नंबरवर तक्रार करा. आणि कर्ज फेडायचं ठरलं तर पैसे त्याच्या हातात देऊ नका, ज्याचे आहेत त्याला थेट द्या. जुगारात अडकलेल्या पोराच्या हातात रोकड देणं म्हणजे पुढचा डाव मांडून देणं. मम्मीच्या फोनचा पिन आज बदला.

एवढं झालं की मग गेम.

हे व्यसन आहे का? जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंगचा विकार आपल्या आजारांच्या यादीत घेतला. २०१९ मध्ये ती यादी मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. निकषांत तासांचा आकडा कुठंच नाही. बघायचं ते असं : खेळणं सुरू कधी करायचं, थांबवायचं कधी, यावरचा ताबा सुटलाय का, बाकी सगळ्या गोष्टींच्या वर गेम गेलाय का, आणि नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही तो चालूच आहे का. यातून शिक्षण, घर, कामधंदा यांवर ठळक परिणाम दिसायला हवा, आणि साधारण वर्षभर हे चाललेलं असायला हवं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या पुस्तिकेनं २०१३ मध्ये 'यावर अजून अभ्यास हवा' अशा गटात त्याला ठेवलं होतं, आणि तज्ज्ञांमध्ये आजही यावर वाद आहे. जगभरच्या पाहण्यांचा एकत्र आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास निघालं. काटेकोर पाहण्याच धरल्या तर दोनच्या जवळ. म्हणजे गल्लीतली जी दहा पोरं कट्ट्यावर माना घालून बसलेली असतात, ती दहाच्या दहा आजारी नाहीत. रविवारी सहा तास खेळून सोमवारी लेक्चरला जाणाऱ्या पोराला मी पेशंट म्हणत नाही. तुमच्या भावाची लक्षणं निकषांकडं झुकतात, पण शिक्का मारायच्या आधी मला एक विचारायचंय : आधी विषय राहिले की आधी गेम वाढला?

हा प्रश्न किरकोळ वाटेल, पण माझा निम्मा उपचार त्यावर ठरतो. एका पोराचं सांगतो, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून. पेठेतला पोरगा, तालमीच्या संघाकडून फुटबॉल खेळायचा. कोल्हापुरात याचा अर्थ काय ते तुम्हाला सांगायला नको. शाहू स्टेडियमवर सामना असला की घरातली जेवणाची वेळ बदलते. गुडघ्याचं लिगामेंट गेलं. ऑपरेशन खर्चाचं म्हणून लांबत गेलं. मित्र रोज संध्याकाळी ग्राउंडवर, हा घरात कॉटवर. पहिले काही दिवस सगळे बघायला आले, मग सीझन सुरू झाला आणि येणं थांबलं. मोबाईल हातात होताच. गेममध्ये चौघांचा स्क्वॉड, म्हणजे संघ, जमला, एक इचलकरंजीचा, दोघं परराज्यातले, कुणी कुणाला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. याचा नेम चांगला होता, स्वभाव पुढं होऊन खेळवायचा होता. थोड्याच दिवसांत तो स्क्वॉडचा लीडर झाला. घरचे त्याला माझ्याकडं घेऊन आले ते "मोबाईलचं व्यसन" म्हणून. तो मला म्हणाला, "सर, ग्राउंडवर मला आता कोण इचारत न्हाई. लॉबीत सगळी वाट बघत्यात." लॉबी म्हणजे मॅचच्या आधी गेममध्ये जमायची जागा.

त्याचा मोबाईल मी काढून घ्यायला सांगितला नाही. आधी हाडांच्या डॉक्टरांकडं आणि फिजिओथेरपीला लावलं. तालमीतल्या एका जुन्या खेळाडूला बोलावून घेतलं. त्यानं याला सरावाच्या वेळी धाकट्या पोरांवर लक्ष ठेवायला बसवलं. संध्याकाळचे दोन तास भरले, तसा गेम रात्रीच्या जेवणानंतर सरकला, आणि मग रात्रीचं बोलता आलं. तो अजूनही खेळतो. त्याला माझी हरकत नाही.

प्रत्येकाच्या मागं मोडलेला गुडघा नसतो. कुणाच्या मागं नैराश्य असतं. ते पोराला झोपू देत नाही, आणि झोप न येणाऱ्या रात्री मोबाईलइतकं सोबतीला दुसरं काही नसतं. कुणाला चारचौघांत बोलायची धास्ती असते, आणि हेडफोन लावला की तीच जीभ सैल सुटते. कुणाला लहानपणापासूनच लक्ष एका जागी ठेवता येत नाही. दप्तर विसरणारा, जागेवर न बसणारा म्हणून शाळेत मार खाल्लेला असतो आणि एडीएचडी हा शब्द घरात कुणी ऐकलेलाच नसतो. गेममध्ये दर काही सेकंदांना काहीतरी घडतं म्हणून तिथं त्याचं लक्ष टिकतं. मग घरचे म्हणतात, "गेममध्ये लक्ष लागतं, अभ्यासातच कसं नाही?" खरंच लागत नाही. आणि हे सगळे गोळ्या-समुपदेशनानं बरे होण्यासारखे किंवा आटोक्यात येण्यासारखे त्रास आहेत. गेमिंगसाठी म्हणून मान्यता मिळालेली गोळी नाही. आम्ही औषध देतो ते सोबतच्या आजाराला. म्हणून मेडिकलमधून परस्पर झोपेची गोळी आणून दुधातून देऊ नका. हसू नका, देतात.

घरात उद्यापासून काय करायचं? पहिलं, ओरडायची वेळ बदला. बीजीएमआयची मोठ्या मॅपवरची मॅच अर्ध्या तासाच्या आसपास चालते आणि ती मधे थांबवता येत नाही. याला उठवलं तर बाकीचे तिघं अडकतात आणि शिव्या याला पडतात. आई जेवायला हाक मारते ती नेमकी मॅचच्या शेवटच्या टप्प्यात, तो "आलो आलो" म्हणतो, येत नाही, आणि तिथून भांडण पेटतं. त्यापेक्षा, "ही मॅच संपली की ताटावर ये, पुढची लावू नको," असं सांगा आणि तेवढ्यावर ठाम राहा. अर्ध्याहून जास्त घरांत एवढ्यानं रोजची कटकट कमी होते. आणखी एक : गेमचा सीझन संपायच्या शेवटच्या आठवड्यात नवा नियम काढू नका. तेव्हा सगळे रँक वर ढकलायच्या मागं असतात. हरणारी लढाई तुम्हीच निवडाल.

मग झोप, आणि माझा सगळा भर इथं आहे. पहाटे चारला झोपणाऱ्या पोराला रात्री अकराला झोप म्हणून सांगणं फुकट आहे. तो पडेल आणि छताकडं बघत राहील, आणि मोबाईल उशाशीच असेल. झोपेची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते. तुमचा भाऊ आज एकला उठतो ना? या आठवड्यात अकरा. त्यापुढं दहा. मग साडेआठ. उठल्यावर अर्ध्या तासात घराबाहेर उजेडात, मग ते रंकाळ्यावर चालणं असो नाहीतर दूध आणणं. दुपारची झोप बंद, किंवा वीस मिनिटं. पहिले चार-पाच दिवस तो तुमच्यावर खेकसेल, डोळे तांबडे असतील. रात्री कितीला झोपलास, हे विचारूच नका. सकाळची वेळ धरून ठेवली की रात्रीची आपोआप अलीकडं सरकते, आणि झोप भरली की चिडचिडीतली निम्मी आग विझते. त्यानंतर जे नैराश्य उरतं ते खरं नैराश्य. त्याचा इलाज करता येतो.

पप्पांचं वर्कशॉप इथं उपयोगी पडेल, पण जपून. "उद्यापासून माझ्याबरोबर चल, मशिनवर उभं राहिल्यावर कळंल," ही शिक्षा झाली. त्याऐवजी त्याच्या हातचं काही काम काढा. ड्रॉइंग कॉम्प्युटरवर करून द्यायचं असेल, कोटेशन बनवायची असतील. सकाळी दोन तास, आणि त्याचे ठरवून पैसे. अर्धवट झोपेत त्याला चालू लेथजवळ उभं करू नका.

"तालमीत घाला, सुधारंल," हा सल्ला तुम्हाला शेजारच्या काकांनी दिला असेल. वाईट नाही तो. व्यायामानं झोप आणि मन दोन्ही सुधारतात. पण लाल मातीत ज्याला लहानपणापासून गोडी नाही, त्याला एकविसाव्या वर्षी पहिल्या दिवशी बारक्या पोरांपुढं जोर मारायला लावलं तर तो दुसऱ्या दिवशी येणार नाही. त्याला काय आवडायचं ते त्यालाच विचारा.

वायफाय काढून घेण्याबद्दल. दक्षिण कोरियानं २०११ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्री ते सकाळी सहा कॉम्प्युटरवरचे ऑनलाइन गेम कायद्यानंच बंद केले, आणि दहा वर्षांनी तो कायदा मागं घेतला; पोरं मोबाईलकडं आणि मोठ्यांच्या खात्यांकडं वळली होती. त्यापेक्षा मला आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं जास्त पटतं. तिथं २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही, मोबाईल बंद, आणि तो नियम मोठ्यांनाही लागू. तुमच्या घरात जेवताना पप्पा रील्स बघत असतील, तर पोराला सांगायचा तुमचा अधिकार तिथंच संपला.

व्यसनमुक्ती केंद्राचं स्पष्ट सांगतो : आत्ता नको. तो सज्ञान आहे. मानसिक आरोग्य कायदा २०१७ नुसार इच्छेविरुद्ध दाखल करायचं तर स्वतःच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका अशी गंभीर कारणं लागतात, आणि दोन तज्ज्ञांनी, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, वेगवेगळं तपासावं लागतं. पहाटे गाडी आणून पोराला उचलून नेणारी, घरच्यांना भेटू न देणारी ठिकाणं यात बसत नाहीत, मग ती कितीही खात्री देवोत. तिथून आलेली पोरं मी बघतो. गेम काही दिवस सुटतो, बापाशी बोलणं कायमचं सुटतं.

उपचार बहुतेकांचे घरी राहून होतात. जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या चार केंद्रांवर इंटरनेट-गेमच्या नादी लागलेल्या १४३ पुरुषांवर केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पंधरा आठवडे गटात आणि एकेकट्याने बसवून विचार-वर्तन पद्धतीचं समुपदेशन दिलं, तर दहातले सात जण निकषांच्या बाहेर आले. नुसते वाट बघत थांबलेल्यांत चारातला एक. त्या बैठकांत जादू काही नसते. कुठल्या वेळी, कशानंतर हात मोबाईलकडं जातो ते वहीत लिहायचं, आणि त्या क्षणी दुसरं काय करता येईल ते आधी ठरवून ठेवायचं. 'रिझल्ट आठवला, पोटात गोळा आला, मॅच लावली,' अशी एक ओळ पोरानं स्वतः लिहिली की माझ्या दहा भाषणांचं काम होतं. परीक्षेच्या तोंडावर किंवा घरात भांडण झालं की गाडी पुन्हा घसरते. ते धरून चाला.

तो डॉक्टरकडं यायला नाही म्हणेल. मग त्याच्याशिवाय तुम्ही आणि मम्मी या किंवा जवळच्या कुठल्याही तज्ज्ञाकडं जा. पहिली भेट घरच्यांचीच असणं काही नवीन नाही. त्याला आणताना गेमचं नाव काढू नका. "तुला रात्री झोप लागत नाही, त्यासाठी जाऊ," म्हणा, कारण तेही खरंच आहे आणि त्याला ते पटतं. सोबत त्याच्या झोपायच्या-उठायच्या वेळा आठवडाभर लिहिलेला कागद, राहिलेल्या विषयांची यादी सालासकट, आणि पैशांचं कळलं असेल तर यूपीआयचं स्टेटमेंट घ्या. पप्पांनाही घेऊन जा, पण तपासणी चालू असताना त्यांना बाहेर बसू द्या. त्यांना शेवटी आत बोलवायचं, वर्कशॉपमधलं सकाळचं काम ठरवायला.